पहिले पाच संवाद

जूनची आठ तारीख, दुपारचे तीन वाजायला दहा कमी.
शाळेमागच्या डबक्यातले बेडूक
काल रात्री आम्ही बादल्या भरभरून
नदीपलीकडच्या भातखाचरात सोडून आलो,
उपमुख्याध्यापक स्वतः गुडघाभर पाण्यात, एका हाताने चष्मा सांभाळत.
निम्मे सकाळपर्यंत परत आले होते.

फाटकाबाहेर पोलिसांनी सिमेंटचा ट्रक अडवून धरलाय.
सुताराचा रंधा बंद. नूडल्सवाल्या फूची कढईसुद्धा थंड,
चुरचुर नको म्हणून.
टाचणी पडली तरी ऐकू येईल म्हणतात ना, तशी शांतता.
फक्त टाचणी पाडायची आज कोणाची छाती नाही.

मी लाओ थान, वायरमन.
चोवीस खोल्या, चोवीस स्पीकर,
त्यातला तिसऱ्या मजल्यावरचा चौदा नंबर
दमट हवेत घोगरा होतो, त्याला मी सकाळीच
पंख्याखाली वाळवून ठेवला.
एकोणीस वर्षं झाली, दर जूनला मी या बाई-बाप्याला
तारेतून आमच्या ग्वेइचौच्या डोंगरात बोलावून आणतो.
त्यांचं अवाक्षर मला कळत नाही.

तरी ओळख व्हायची ती झालीच.
तो विचारतो तेव्हा आवाजाची शेपटी वर जाते.
ती 'नो' म्हणते, तेवढं मला येतं,
मग कारण सांगते, लांबलचक, गोड.
तिला कुठेतरी पोचायचं असतं. स्टेशनवर असावं,
एका वर्षी मागे शिट्टी वाजली होती.
एका वर्षी कपबशा वाजल्या.
एकोणीस वर्षांत दोघांपैकी कोणी खोकलं नाही,
कोणी कोणाचं बोलणं मधेच तोडलं नाही.
कुठल्या देशात राहतात अशी माणसं?

पोरं कानात प्राण आणून बसलीत.
काचेतून दिसते फूची यानयू,
शिसपेन्सिल दातात, डोळे गच्च मिटलेले.
नियम तिनेच मला समजावला होता:
पहिले पाच संवाद एकदाच ऐकवतात.
पुढचे सगळे दोनदा.

माझी बायको ग्वांगतोंगला गेली, खेळण्यांच्या कारखान्यात.
तिसऱ्या वर्षी तिचा फोन आला, मागे मशीन चालू.
काहीतरी म्हणाली.
मी म्हटलं, काय?
तेवढ्यात तिचं कार्ड संपलं.
तेव्हापासून तीन पर्याय घोळवतोय,
अ, येते.
ब, येत नाही.
क, तू ये.
गोळा अजून कोराच आहे.

ऐकणं संपलं. चोवीस खोल्यांत पानं एकदम उलटली.
वाचन सुरू. आता माझं काम नाही,
आता बेडकांनी ओरडलं तरी चालेल. ओरडलेच.

पाचला यानयू बाहेर आली, मान पाठीमागे टाकून
आकाशाकडे बघत, जणू तिथेही काही छापलंय.
म्हणाली, उताऱ्यात एक माणूस होता, थान काका,
दीपगृहाचे दिवे पुसणारा.
एक शब्द अधोरेखित, जन्मात न पाहिलेला.
संदर्भावरून अर्थ ओळखा.
मग?
समुद्राजवळच्या काचेवर काय साचणार? मी मीठ निवडलं.
तू समुद्र पाहिलायस?
नाही.

मग मी विचारलंच.
ती बाई वेळेवर पोचली का गं?
कुठली बाई?
स्टेशनवरची.
यानयू इतकी हसली की पेन्सिल पडली.
काका, ती लायब्ररीत होती!
पुस्तक उशिरा परत केलं, दंड किती, एवढंच विचारलं होतं.

बरं. लायब्ररी तर लायब्ररी.
मी वायर कोपरावर गुंडाळत राहिलो.
मग म्हटलं, पुन्हा एकदा सांग,
हे इंग्रजीत कसं म्हणायचं?
तिने सांगितलं,
आणि नेमका त्याच क्षणी सिमेंटचा ट्रक सुटला,
तीन तासांचा हॉर्न एकदम वाजवत.

काय? मी ओरडलो.
ती तोवर फाटकाबाहेर पोचली होती,
बापाच्या स्टुलावर बसून
फुंकर मारमारून खात होती.